उंबऱ्यावरची राख

झोप येऊ लागली तेव्हा माझा पहिला संशय चहावर गेला.

ज्या बाईला चार वर्षं धड झोप नाही, ती एका डिसेंबरात रात्री नऊला आडवी होते आणि एकदम कोंबडा आरवल्यावरच डोळे उघडते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मी मावशीने दिलेला पेला नाकाजवळ नेला आणि बारकाईने वास घेतला. गवती चहा, गूळ आणि चुलीचा धूर. दूध नव्हतं, तिच्या चहात ते कधीच नसे. दुसऱ्या दिवशी ती पाठमोरी असताना मी चहा अळवाच्या बुडख्याशी ओतून दिला आणि प्यायल्यासारखं करून ओठ पुसले. त्याही रात्री ढाराढूर झोपले. अळवालाही काही झालं नाही.

मला लोक संशयी म्हणतात. मी स्वतःला सावध म्हणते. बसमध्ये कंडक्टरने दिलेलं तिकीट मी वाचून घेते, औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानातच बघते, आणि कोणी विनाकारण गोड बोलू लागलं तर त्याला काय हवंय याचा विचार आधी करते. तीस मुलांच्या वर्गावर वीस वर्षं काढल्यावर माणसाचं असं होतं, असं मी सांगते. खरं तर मी आधीपासूनच तशी आहे.

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. डहाणूत आमचं स्वतःचं घर होतं, पण २०१७ मध्ये माझी बदली तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत झाली. रोज जाऊन येऊन करायचं तर चरोटीवरून बस, तलासरीला उतरून टमटम आणि पुढे अर्धा तास चढ. म्हणून आठवड्याचे दिवस मी तिथेच राहायचे आणि शनिवारी घरी परतायचे. मावशी साठीच्या पुढची, एकटी. मुलगा आणि सून गुजरातेत कारखान्यात कामाला, ती सणासुदीला येत. तिचं भात आणि नागलीचं थोडं शेत होतं. राहतं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमाती लिंपलेलं, छपराला गवत. त्याला लागूनच मुलाने विटांची एक खोली बांधून घेतली होती. ती पक्की खोली तिने मला दिली होती, बाई शहरातली आहे म्हणून.

त्या भागात वयस्क बायका सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. साहेब आला तरी तू आणि बाई आली तरी तू. पहिल्या दिवशी मावशीने मला "तू जेवलीस का" विचारलं तेव्हा मी थोडी ताठले होते. हिला माझ्याकडून काय हवंय, हा प्रश्न तेव्हाच मनात येऊन गेला. दीड वर्ष झालं तरी त्याचं उत्तर सापडलं नव्हतं, आणि त्यामुळे तर मी जास्तच सावध होते.

मग २०१८चा हिवाळा आला आणि धरती हलायला लागली.

आमच्याकडच्या त्या धक्क्यांबद्दल तेव्हा बरंच छापून आलं, म्हणून मी फार सांगत नाही. आधी जमिनीच्या पोटात बैलगाडी गेल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी थरथरायची, मग भिंत. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही, आणि ते काहीच नसणं सगळ्यांत वाईट. माझ्या पक्क्या खोलीच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत तडा गेला. शाळा आम्ही अंगणात आंब्याखाली भरवू लागलो. पाड्यावरची बरीच मंडळी रात्री शेतात ताडपत्री टाकून झोपू लागली. सकाळी मुलं डोळे चोळत येत आणि पाढे म्हणता म्हणता डुलक्या घेत. मी त्यांना उठवत नसे.

मावशीने एका संध्याकाळी माझी वळकटी उचलली आणि कुडाच्या घरात आणून टाकली. म्हणाली, विटांचं घर उभं राहतं नायतर पडतं, कुडाचं घर नुसतं हलतं. मला ते पटलं. ती स्वतः चुलीजवळ झोपायची, मला तिने आतली खोली दिली. मधे दार नव्हतं, नुसता उंबरा होता आणि वर गोणपाटाचा पडदा.

मी माझी व्यवस्था केली. धक्का आला तर आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला स्टीलची भांडी एकावर एक रचून ठेवायची, खाली डबा, वर पातेली, सगळ्यांत वर पाण्याचा रिकामा लोटा. जरा हललं की लोटा पडणार आणि मी जागी होणार. असं बऱ्याच घरांतून करत. पण इतर लोक भांडी रचून झोपत, मी भांडी रचून त्यांच्याकडे बघत बसे. पहिले आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

खरं सांगायचं तर झोप न येण्याला धरणीकंपाचं कारण पुरेसं नव्हतं. ती त्याच्याही आधी गेली होती.

आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. भाऊ दूर, मी अविवाहित, त्यामुळे तिचं सगळं माझ्याकडे. तिच्या खाटेशेजारी मी जमिनीवर पडायचे आणि तिच्या छातीची खरखर ऐकत राहायचे. खरखर चालू असली की ठीक, थांबली की मी उठून बसायचे. २०१४च्या पावसाळ्यानंतर मी अगदी थकून गेले. एका रविवारी विवळवेढ्याला गेले, महालक्ष्मीला नारळ वाढवला आणि हात जोडून म्हटलं, "आजची रात्र तू बघ. मी जरा पडते." त्या रात्री मी खरोखर झोपले. कित्येक महिन्यांत झोपले नव्हते इतकी झोपले. सकाळी सहाला जाग आली तेव्हा खोलीत खरखर नव्हती.

आई केव्हा गेली मला माहीत नाही. हे वाक्य मी चार वर्षं कोणाजवळ बोलले नव्हते. लोकांना मी सांगायचे की पहाटे गेली, माझ्या मांडीवर डोकं होतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. मी झोपले की काहीतरी होतं. आणि दुसरी अशी, की देवाच्या हवाली काही करायचं नसतं. महामार्गावरून बस विवळवेढ्यापाशी आली की सगळ्यांचे हात कपाळाकडे जायचे. माझा हात समोरचा दांडा आणखी घट्ट धरायचा. देवीवर राग होता असं नाही, संशय होता. जिच्यावर विश्वासाने टाकलं तिने नेमकी तीच रात्र निवडली, हा योगायोग मला पटत नव्हता.

म्हणून मावशीचा संध्याकाळचा प्रकार मला सुरुवातीपासूनच खटकायचा. अंगणाच्या कडेला करंजाच्या मुळाशी शेंदूर लावलेला एक दगड होता. दिवस बुडाला की मावशी त्याच्यापुढे तांदळाचे चार दाणे ठेवायची आणि शेजारणीकडे किल्ली द्यावी तशा सुरात म्हणायची, "झाला माझा दिवस. आता तू बघ." मग वळून आत यायची. याला ती राखण देणं म्हणायची. एकदा राखण दिली की घर, गुरं, खळ्यावरची रास, सगळी त्याची जबाबदारी. ती मागे वळून बघायचीसुद्धा नाही.

तिचे ते शेवटचे शब्द मला ऐकवत नसत. तेच शब्द मीही वापरले होते.

खळ्याचा तर मला फारच अचंबा वाटायचा. भात झोडून झालं होतं आणि अंगणाखाली सारवलेल्या खळ्यावर दाण्यांची रास पडली होती. पूजा झाल्याशिवाय रास हलवायची नाही अशी रीत, आणि पूजेला मुलगा-सून येईपर्यंत थांबायचं होतं. तोवर राशीभोवती चुलीतल्या राखेची एक गोल रेघ. बस्स. कुंपण नाही, कुत्रं नाही. मी मावशीला म्हटलं की ही राखेची युक्ती चांगली आहे, कोणी आत पाय टाकला तर ठसा उमटेल. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात चोर आलाच नव्हता. राखेची रेघ ही दाण्यांसाठी असते, असं तिचं म्हणणं, आपलं घर कुठवर आहे ते त्यांना कळावं म्हणून.

मी मनात म्हटलं, बाईचं बरं आहे.

तर अशा त्या घरात, साधारण नवव्या-दहाव्या रात्री, मला झोप लागली. आणि मग रोज लागू लागली. चहा निर्दोष सुटल्यावर मी इतर गोष्टी तपासल्या. जेवण तेच होतं. श्रम तेच. धक्के उलट वाढले होते. सकाळी शाळेत सहकारी गुरुजी विचारत, रात्रीचा जाणवला का, आणि मला काहीच ठाऊक नसे. मी "हो, चांगलाच होता" म्हणून वेळ मारून न्यायचे. आपण झोपलो होतो हे सांगायची मला लाज वाटत होती, आणि भीतीही. चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळसारखाच रोज सकाळी मी आधी कानोसा घेत असे, घरात सगळं चालू आहे ना याचा. मावशीची चूल फुंकल्याचा आवाज आला की जिवात जीव यायचा.

पण मावशीचंही काही ठीक दिसत नव्हतं. दिवसा ती पेंगायला लागली होती. सूप हातात घेऊन बसायची आणि दाणे सुपातच राहायचे, मान खाली. एकदा विहिरीच्या कट्ट्यावर कळशी भरून ठेवून तिथेच भिंतीला टेकून झोपलेली दिसली, भर अकरा वाजता. डोळे तांबारलेले. चालताना पाय जरा वेडावाकडा. मी दोन आणि दोन चार करून मोकळी झाले. मी झोपल्यावर मावशी ताडी घेत असली पाहिजे.

हे मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मी गुरुजींना बोलले. वाईट हेतूने नाही, काळजीच्या सुरात, अशा गोष्टी ज्या सुरात बोलतात त्याच सुरात. वय झालंय, एकटी आहे, रात्री घेते बहुतेक. गुरुजी त्या गावचेच. त्यांनी ते घरी सांगितलं आणि पाड्यावर पसरायला दोन दिवस पुरले. पाणवठ्यावर बायकांनी मावशीची थट्टा केली हे माझ्या कानावर आलं. मावशी मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पेला आणून द्यायची तसा देत राहिली. त्या गप्प राहण्याचाही मी संशय घेतला, अपराधी माणूसच असं गप्प राहतं म्हणून.

मग एका सकाळी मला लोटा दिसला.

मी लोटा ठेवताना त्यावर कोरलेलं आमच्या घराण्याचं नाव नेहमी माझ्या बाजूला करून ठेवते. आईचा लोटा तो. त्या सकाळी नाव पडद्याच्या बाजूला होतं. खालच्या पातेल्याचा कान आदल्या रात्री भिंतीकडे होता, तो आता खोलीकडे आला होता. म्हणजे रात्री कोणीतरी माझी सगळी उतरंड खाली काढली होती आणि पहाटे पुन्हा रचून ठेवली होती. मला घाम फुटला. घरात दुसरं कोणीच नव्हतं. पण ताडी प्यायलेली बाई इतक्या हलक्या हाताने सहा भांडी उतरवेल कशी? आणि कशासाठी? माझी पेटी मी उघडून पाहिली, सगळं जागेवर होतं. डोक्याशी ठेवलेलं घड्याळ होतं, पाकीट होतं. त्याने तर मी आणखीच बावचळले. चोरी झाली असती तर निदान कळलं असतं काय चाललंय.

त्या संध्याकाळी मावशी करंजाकडे राखण द्यायला गेली तेव्हा मी चुलीतली राख सुपाने घेतली आणि पडद्याच्या बाहेर, उंबऱ्यालगत, पातळ पसरली. खळ्यावरून शिकलेली विद्या. दिवा बारीक होता, राख जमिनीच्या रंगात मिसळून गेली. आज जागं राहून बघायचंच असं ठरवलं होतं, पण कधी झोप लागली ते कळलंही नाही.

सकाळी पडदा बाजूला केला. उतरंड उंबऱ्याच्या आत होती, लोट्यावरचं नाव पुन्हा भलतीकडे. मी ती बाजूला सरकवली आणि खाली वाकून राख बघितली.

राखेवर दोन पावलं होती. शेजारी शेजारी, टाचा उंबऱ्याला टेकलेल्या, बोटांखालची राख पार दाबली गेलेली, एकाच जागी पुष्कळ वेळ ठेवल्यासारखी. उंबऱ्याच्या लाकडावरची राख लुगड्याने पुसली गेली होती. कोणीतरी तिथे रात्रभर बसून होतं. आणि पावलांची तोंडं आत, माझ्याकडे नव्हती. बाहेर होती, अंगणाकडे.

चोराची पावलं आत येतात. मी तिथेच उकिडवी बसून त्या ठशांकडे बघत राहिले आणि मला कळलं, पडद्यापलीकडे मावशी रात्रभर जागी बसत होती, म्हणूनच मला झोप येत होती. मला शरम वाटली. गुरुजींजवळ बोललेला प्रत्येक शब्द आठवला आणि शरमेने कान गरम झाले.

मावशी चुलीपाशी होती. तिच्या तळपायांना राख लागलेली होती. मी विचारलं, तू रोज रात्री इथे बसतेस का. तिने नाकारलं नाही, पण पकडली गेल्यासारखं तोंड केलं. भांडी का काढतेस, असंही विचारलं. ती म्हणाली, वाजली असती तर तू दचकली असतीस, मी जागी होते तर भांड्यांचं काय काम.

"पण तू तर राखण देतेस ना रोज?" मी म्हटलं. "मग स्वतः कशाला बसतेस?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "माझी राखण त्याला दिलेली हाय. तुझी कशी देऊ? तू या घरात आत्ता आलीस, आमच्या अन्नाची नाय, त्याला तुझी वळख नाय. नवी सून आली तरी खळ्यावरच्या पूजेचा नवा भात खाईतो कोणी तरी उंबऱ्याशी बसतंच. तवर माणसानं बघायचं असतं."

एवढं सांगायचं तरी होतंस, असं मी कसंबसं म्हटलं. यावर ती हसली. सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का, मलाच बघत बसली असतीस, असं तिचं उत्तर. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मग मी ताडीचं बोलले. मीच ते पसरवलं, असं कबूल केलं. तिला ते माहीत होतं. तिने फक्त एवढंच म्हटलं की झोपेची गुंगी आणि ताडीची गुंगी लांबून सारखीच दिसते, तुझी चूक नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कसं कोण जाणे, त्यानंतर मी आईचं सांगून टाकलं. विवळवेढ्याचा नारळ, ते शब्द, सहाची वेळ, आणि मांडीवर डोकं असल्याचं खोटं. चार वर्षं दाबून ठेवलेलं मी कोणाला सांगितलं, तर जिचा चहा मी चोरून अळवाला घालत होते तिला. मी थांबल्यावर तिने विचारलं, "जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"पाणी दिलं असतं."

"उशाशी पाणी होतं का?"

होतं. पितळेचा पेला होता, झाकण ठेवलेला. सकाळी मी तो उचलला तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता आणि माझ्या हातावर सांडला होता. हे मी विसरले नव्हते, पण त्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं.

"मंग तिला तहान नव्हती," मावशी म्हणाली. "असती तर हाक मारली असती. तू झोपली होतीस, बहिरी नव्हतीस."

मी रडले. बऱ्याच दिवसांनी रडले आणि चुलीसमोर बसून रडले, त्यामुळे धुराचं निमित्त तरी होतं. मावशी भाकरी थापत राहिली. हे सगळं ऐकून माझं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तिला खरंच काय माहीत, असं मनाच्या एका कोपऱ्यात येतच होतं. पण आई शेवटच्या घटकेला तडफडत माझी वाट बघत होती, हे जे चित्र मी चार वर्षं रोज रात्री बघत होते, त्यालाही पुरावा नव्हता. ते मात्र मी कधी तपासलं नव्हतं. एवढी संशयी मी, आणि ज्या एका गोष्टीने माझी झोप नेली तिच्यावरच कधी संशय घेतला नव्हता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गुरुजींना गाठलं आणि मावशी रात्री काय करते ते सांगितलं. हे पसरायलाही दोन दिवस लागतील अशी माझी अपेक्षा होती. चार लागले. चांगल्या बातमीला पाय जरा कमीच असतात.

पुढच्या रविवारी मुलगा-सून आली आणि खळ्याची पूजा झाली. त्यासाठी मी त्या आठवड्यात डहाणूला गेले नाही. राशीला हळदकुंकू, नारळ, मग मावशीने सुपाने पहिले दाणे उचलले. त्यांचा भात कांडून, शिजवून सगळ्यांना दिला, मलाही. गरम भात आणि वालाची आमटी. मी खाताना ती माझ्याकडे बघत होती, संपला का ते. मी शीत न ठेवता संपवला.

मुलगा-सून संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दिवस बुडताना मावशीने माझ्या तळहातावर तांदळाचे चार दाणे ठेवले आणि करंजाकडे बोट दाखवलं. स्वतः आली नाही.

मी दगडापुढे जाऊन उभी राहिले. दाणे ठेवले. शब्द काही येईनात. आता तू बघ, एवढं तर म्हणायचं. जिभेवर आलं की मागे जायचं. मला वाटलं, पुन्हा तेच होणार. मी सोडून देईन आणि सकाळी मावशीची चूल वाजणार नाही. थंडी वाजायला लागली तरी मी तिथेच. शेवटी मी दगडाला खरं काय ते सांगितलं. म्हटलं, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास नाही, पण ती म्हातारी तीन आठवडे झोपलेली नाही आणि माझ्यामुळे झोपलेली नाही. मी बघत बसले तर ती झोपणार नाही. तेव्हा आता तू बघ.

मागे वळून बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही. एकदाच बघितलं.

आत येऊन मी मावशीला सांगितलं की आता त्याला माझी ओळख झाली, तू चुलीपाशी जाऊन पड. तिने माझं तोंड निरखलं आणि निमूटपणे गोधडी ओढली. मी नेहमीप्रमाणे भांडी रचली. आणि पडद्याबाहेर उंबऱ्यालगत पुन्हा राख पसरली. श्रद्धा ठेवली म्हणून काय झालं, मावशी खरंच झोपते की नाही याची खात्री नको? आडवी झाल्यावर मी थोडा वेळ पलीकडे कान दिला. मावशीचा श्वास संथ चालला होता, मधूनमधून बारीक घोरणं. ते ऐकता ऐकता मी किती वेळ जागी होते सांगता येणार नाही. फार नसावी.

सकाळी अंगणातून हाका आल्या. शेजारची बाई विचारत होती, बऱ्या आहात ना दोघी, केवढा मोठा होता, आम्ही सगळी शेतात पळालो. मी उठून बसले. सगळी उतरंड कोसळलेली होती. डबा आडवा, पातेली विखुरलेली, एक तर माझ्या पायाशी येऊन पडलेलं. सहा स्टीलची भांडी सारवलेल्या जमिनीवर पडली होती आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही ऐकू आली नव्हती.

मी आधी मावशीच्या श्वासाचा कानोसा घेतला. घोरणं चालू होतं.

मग पडदा सारून राख बघितली. ती जशी पसरली होती तशीच होती. पाऊल नव्हतं, लुगड्याचा फराटा नव्हता. फक्त एक नागमोडी रेघ उमटली होती, आईचा लोटा उंबऱ्यावरून घरंगळत बाहेर गेला त्याची. लोटा मावशीच्या उशाशी जाऊन थांबला होता. त्याच्या थंड स्पर्शाने की शेजारणीच्या हाकेने, तिने डोळे उघडले, लोट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर उजाडलेलं पाहून गडबडीने उठून केस बांधू लागली. उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडली होती.

शेजारणीला मी सांगितलं की आम्ही झोपलो होतो. पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली गेला नाही.

मावशीने चूल पेटवली, गवती चहा टाकला, गुळाचा खडा फोडला. पेला माझ्या हातात दिला. मी वास न घेता प्यायले.